बाप्तिस्मा

बाप्तिस्मा : ख्रिस्ती मंडळीत प्रवेश देणारा पाण्याचा संस्कार. ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ असे म्हणत उमेदवाराला पाण्यात बुडवतात, किंवा त्याच्या डोक्यावर पाणी ओततात वा शिंपडतात. मराठी कॅथलिक लिखाणात याला स्नानसंस्कार असेही म्हणतात. मूळ ग्रीक ‘बाप्तिझो’ या क्रियापदाचा अर्थ बुडवणे, बुचकळणे. मराठी बायबलात मात्र त्याचे भाषांतर न करता ग्रीक नामच ठेवले आहे, आणि यात भाषांतरकारांचा आळस नाही. ‘बुडवणे’ असा शब्द घातला की डोक्यावर पाणी ओतणाऱ्या मंडळ्यांचा संस्कार जागच्या जागी अपुरा ठरतो. बंगालीत बॅप्टिस्ट (म्हणजे मोठेपणीच आणि बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) मिशनऱ्यांनी तसा शब्द घातला, तेव्हा १८३० च्या दशकात ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने त्या भाषांतराला पैसे द्यायचे नाकारले. त्या तंट्यातून अमेरिकेतल्या बॅप्टिस्टांनी १८३६ मध्ये स्वतःची वेगळी बायबल संस्था काढली.

पाण्याने शुद्ध होण्याची कल्पना यहुदी समाजात जुनीच होती. पण ते शुद्धिस्नान माणूस स्वतः करी आणि वारंवार करी. यार्देन नदीकाठी उभा राहिलेला योहान जे देत होता ते एकदाच घ्यायचे होते, दुसऱ्याच्या हातून घ्यायचे होते, आणि ते पश्चात्तापाची खूण म्हणून होते. या योहानाचा उल्लेख बायबलाबाहेर योसेफस या यहुदी इतिहासकारानेही केला आहे. गालीलातल्या नासरेथहून आलेला येशू त्याच्यापुढे पाण्यात उतरला.

हा प्रसंग चार शुभवर्तमानांत चार तऱ्हांनी येतो आणि त्यांतले फरक बोलके आहेत. मार्क तो तीन वचनांत उरकतो : येशू आला, बाप्तिस्मा झाला, आकाश विदारले, आत्मा कबुतरासारखा उतरला, वाणी झाली. मत्तयाकडे योहान आधी अडवतो, ‘मीच तुझ्याकडून घ्यायला हवा’ अशा अर्थाचे बोलतो, आणि येशू त्याला धर्माचरण पुरे करण्याचे कारण सांगतो. लूक तर योहान तुरुंगात गेल्याचे आधीच सांगून टाकतो आणि मग येशूच्या बाप्तिस्म्याचा ओझरता उल्लेख करतो. चौथ्या शुभवर्तमानात पाण्यात उतरण्याचे वर्णनच नाही, योहानाची साक्ष तेवढी आहे. पापाची कबुली देणाऱ्यांच्या रांगेत आपला निष्पाप प्रभू उभा राहिला, ही गोष्ट सुरुवातीच्या मंडळीला अवघड जात होती हे यातून दिसते. म्हणूनच हा प्रसंग कोणी मागाहून रचला नसावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याला पाण्याची गरज नव्हती तर तो उतरला कशाला, याला ख्रिस्ती परंपरेने दिलेली उत्तरे एकाच प्रकारची नाहीत. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याने लिहिले की पाणी शुद्ध व्हावे म्हणून ख्रिस्ताचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे पाण्याने त्याला धुतले नाही, त्याने पाण्याला धुतले. पूर्वेकडच्या मंडळ्यांत हा विचार फार खोल गेला आहे. ६ जानेवारीला, जुने पंचांग पाळणाऱ्यांकडे १९ जानेवारीला, या बाप्तिस्म्याचा, म्हणजे देवाच्या प्रकटीकरणाचा, सण पाळतात आणि नदीचे वा कुंडाचे पाणी आशीर्वादित करतात. दुसरे उत्तर सरळ आहे : तो पाप्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. तिसरे उत्तर अनुकरणाचे, आणि सामान्य ख्रिस्ती माणूस बहुधा हेच सांगतो. ‘प्रभूने घेतला, म्हणून आम्ही घेतो.’

अनुकरणाच्या या उत्तरात एक अडचण आहे. नव्या करारात ‘येशूने बाप्तिस्मा घेतला म्हणून तुम्ही घ्या’ असे वाक्य कुठेही नाही. येशूचे उदाहरण गिरवा असे सांगणारी वचने आहेत, पण ती वेगळ्या प्रसंगांची. शिष्यांचे पाय धुतल्यावर तो स्वतः तसे म्हणतो. पेत्राच्या पहिल्या पत्रात, मालकाचा अन्यायी मार खाणाऱ्या घरच्या दासांना उद्देशून, ख्रिस्ताने आपल्यासाठी कित्ता घालून दिल्याचे म्हटले आहे. मराठी बायबलातला हा ‘कित्ता’ नेमका आहे. तिथला ग्रीक शब्द ‘हिपोग्रामोस’, म्हणजे मुलांनी अक्षर गिरवावे म्हणून आधी काढून दिलेल्या ओळी. गिरवायचे आहे ते सेवा आणि सोसणे. येशूनेही स्वतःच्या मरणालाच ‘मला घ्यावयाचा बाप्तिस्मा’ म्हटले आहे. नदीतले पाणी आणि क्रूस यांना जोडणारा धागा असा त्याच्याच बोलण्यातून निघतो. पौलाने रोमकरांस पत्रात तो पक्का केला : पाण्याखाली जाणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे, वर येणे म्हणजे नव्या जीवनात चालू लागणे. धुण्याच्या खुणेला अशी मरणाची खूण येऊन मिळाली.

विश्वास आणि पाणी यांत आधी काय, हा प्रश्न मंडळीला पहिल्यापासून छळत आला आहे. ‘पिस्तिस’ या ग्रीक शब्दात मत मान्य करणे आहे, त्याहून अधिक भरवसा आणि इमान आहे. पौल अब्राहामाचा दाखला देतो : त्याने देवावर विश्वास ठेवला, आणि खतना व्हायच्या आधीच तो नीतिमान गणला गेला. याकोबाचे पत्र त्याच अब्राहामाकडे बोट दाखवून म्हणते की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे. प्रेषितांची कृत्ये वाचताना तर एकच क्रम हाती लागत नाही. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर आत्मा उतरला त्या दिवशी पेत्र म्हणतो, पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या, मग आत्म्याचे दान मिळेल. शोमरोनात पाणी आधी होते आणि आत्मा मागाहून, प्रेषितांनी हात ठेवल्यावर उतरतो. कर्नेल्य या रोमी शताधिपतीच्या घरी उलटे घडते : आत्मा आधी उतरतो आणि पेत्र जवळजवळ नाइलाजाने म्हणतो की आता यांना पाणी कोण नाकारणार? आणि क्रुसावरच्या त्या चोराला तर पाणी मिळालेच नाही, तरी सुखलोकाचे वचन मिळाले. कुठल्याही एका पंथाचा आखीव क्रम या कथांवर बसवायला गेले की एखादी कथा बाहेर राहतेच.

‘डिडाखे’ नावाची एक छोटी ग्रीक पुस्तिका पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या आरंभीची मानतात. तिची संहिता १८७३ मध्ये सापडली आणि दहा वर्षांनी छापली गेली. तिच्यातल्या सूचना अगदी घरगुती आहेत. वाहत्या पाण्यात द्यावा. वाहते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. थंड जमत नसेल तर कोमट. दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने आधी उपास करावा. म्हणजे बुडवणे की ओतणे यावर पुढे शतकानुशतके भांडण झाले, ते या पुस्तिकेने एका ओळीत मिटवले होते. पुढच्या दोन-तीन शतकांत उमेदवारांना दीर्घ शिक्षण देऊन पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री बाप्तिस्मा देण्याची पद्धत रुळली. ३८७ च्या त्या सणाला मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या हातून पुढे मोठा धर्मपंडित ठरलेल्या ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला. पाण्याने मागची सगळी पापे धुतली जातात, पुढच्यांचे काय, या भीतीने कित्येक जण तो लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये मरणाच्या अंथरुणावर घेतला.

बालबाप्तिस्म्याची मुळे कुठवर जातात याबद्दल एकमत नाही. फिलिप्पै येथील तुरुंगाच्या नायकाचा ‘घराण्यासकट’ बाप्तिस्मा झाला असे वाचायला मिळते; त्या घरात तान्ही मुले होती की नव्हती, हे ज्याने त्याने आपल्या पंथाप्रमाणे ठरवावे अशी परिस्थिती आहे. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका असे सांगतो, त्यावरून ती घाई चालू होती एवढे कळते. पुढे ऑगस्टीनने मूळपापाचा, म्हणजे आदामापासून चालत आलेले पाप घेऊनच माणूस जन्मतो हा, सिद्धांत मांडला आणि पश्चिमेत बाळाचा बाप्तिस्मा लवकर उरकणे हीच रीत झाली. पूर्वेकडे बाळाला तीनदा पाण्यात बुडवून लगेच तैलाभ्यंग आणि प्रभुभोजनही देतात. ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनी बऱ्याच गोष्टी मोडल्या, बालबाप्तिस्मा राखला. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला प्रौढपणी, त्याच्या विश्वासाच्या कबुलीवर, पुन्हा बाप्तिस्मा दिला. ज्यांच्या घरी हे घडले त्या फेलिक्स मान्झला शहराने ५ जानेवारी १५२७ रोजी लिम्मात नदीत बुडवून मारले. शिक्षेची ही तऱ्हा मुद्दामच निवडलेली दिसते. दुसऱ्या टोकाला क्वेकर आणि साल्वेशन आर्मी हे पंथ. ते पाण्याचा संस्कार करतच नाहीत. साल्वेशन आर्मी १८८२ पासून मुंबईत असल्याने मराठी ख्रिस्ती समाजाला हे टोकही घरचेच आहे.

महाराष्ट्राच्या मिशनकार्याच्या उगमापाशीही बाप्तिस्म्याचा वाद आहे. १८१२ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने आशियात धाडलेल्या पहिल्या तुकडीतला ॲडोनिरम जडसन बोटीवर नवा करार चाळता चाळता बालबाप्तिस्म्याविषयी साशंक झाला. कलकत्त्यात त्याने बुडवून बाप्तिस्मा घेतला आणि आपल्याच बोर्डाची नोकरी सोडून तो ब्रह्मदेशात गेला. त्याच तुकडीतले, जुन्या मतावर राहिलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले.

इथे आल्यावर पाण्याला एक नवाच अर्थ चिकटला. मराठीत धर्मांतराला रूढ शब्द ‘बाटणे’, आणि बाटणे विटाळाचे असते, विश्वासाचे नसते. वसईकडे पाव विहिरीत टाकून गावे बाटवल्याच्या गोष्टी अजून सांगतात. चर्चच्या शिकवणीप्रमाणे त्या पाण्याने कोणी ख्रिस्ती होत नाही; गाव बाटले ते जातीच्या नियमाने. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला होता, पण अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. बाप्तिस्मा न झालेल्या या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर केवढे वादळ उठले! घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. मंडळीची सीमा पाणी होती, समाजाची सीमा ताट होती.

बाबा पदमनजी यांनी १८५४ मध्ये बेळगावला, पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंनी बाप्तिस्म्याबरोबर आपली बुद्धी चर्चच्या हवाली केली नाही. त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवर वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी त्यांचा पत्रांतून वाद चालू राहिला. नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर उभे दुभंगले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा क्रम वेगळा. त्यांच्या मनातून जातिभेद आधी गळून पडला, बाप्तिस्मा त्यांनी नंतर घेतला. टिळक पुढे याही पलीकडे गेले. १९१७ मध्ये मिशन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शिष्य यांनी एकत्र बसावे, अशी त्यामागची कल्पना. पाण्यामुळे माणूस आपल्या समाजातून उपटला जातो, हे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिले होते. १९१९ मध्ये ते वारले आणि दरबार मागे फार टिकला नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल-प्रेस्बिटेरियन होते आणि बॅप्टिस्टही होते. तोडगा असा निघाला की दोन्ही वाटा खुल्या : एकतर बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी), नाहीतर बाळाचे समर्पण आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा. दिला तो एकदाच, पुन्हा नाही. कॅथलिक चर्चही तेच मानते. त्याच्या नियमाप्रमाणे निकडीच्या वेळी कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेला माणूसही, योग्य हेतूने बाप्तिस्मा देऊ शकतो. शब्दांच्या बाबतीत मात्र ते काटेकोर आहे. ‘मी बाप्तिस्मा देतो’ ऐवजी ‘आम्ही देतो’ म्हटले तर तो झालाच नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २०२० मध्ये दिला. मराठी पेन्टेकॉस्टल मंडळ्यांना यातले काही पटत नाही. लहानपणी डोक्यावर पाणी पडलेल्याला त्या पुन्हा नदीत किंवा टाकीत उतरवतात, आणि त्यावरून एकेका घरात दोन मते असतात.

बाप्तिस्म्याचा दाखला शाळा-लग्नापुरता राहत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. शीखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये खुला झाला. पुदुच्चेरीतल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना अर्जदाराच्या बाप्तिस्म्याची नोंद पुराव्यात धरली आणि हिंदू असल्याचा दावा फेटाळला. परिणामी कित्येक जण मनाने विश्वासणारे आणि कागदावर हिंदू राहतात. टिळकांच्या दरबारात ज्यांना जागा होती तेच हे लोक, कारण तेवढे बदलले आहे.

गोव्यात २४ जूनला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या जन्माचा सण, सांजांव, असतो. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल, म्हणजे मुकुट, घालून तरुण पावसाने भरलेल्या विहिरीत उड्या मारतात. या उड्यांचा संबंध लोक यार्देनशी लावतात, तसाच आई अलिशिबेच्या पोटात बाळ योहानाने आनंदाने मारलेल्या उडीशीही लावतात. दुसरी कथा अधिक ऐकू येते.