साखळीपट्ट्याची यंत्रे ओल्यात ट्रेलरवर चढवणे

पोकलेन, डोझर यांसारखी पट्ट्यांवर चालणारी अवजड यंत्रे पावसात किंवा चिखलात लोबेड (खालच्या पातळीच्या सपाट) ट्रेलरवर चढवण्याची पद्धत. मऊ जमिनीत ही यंत्रे सहसा अडत नाहीत, कारण पट्ट्यांवरच्या आडव्या दातऱ्या मातीत रुततात. पोलादी रॅम्पमध्ये त्या रुतत नाहीत. तिथे लोखंडावर लोखंड टेकते, तेही दातरीच्या कडेपुरते, आणि मधला ओला चिखल वंगणाचे काम करतो.

१५ अंशांच्या रॅम्पवर २० टनी यंत्राला सुमारे ५ टनांचे बळ खाली ओढत असते. घर्षणगुणांक (पकड किती ते सांगणारा आकडा) ०.२७ च्या खाली गेला, की पट्टे न फिरताही यंत्र मागे येते. म्हणून आधी फावड्याने पट्टे खरवडून काढतात आणि रॅम्पवर रबरी मॅट किंवा वाळू टाकतात. कंटाळवाणे काम, आणि घाईत नेमके हेच राहून जाते.

मागे घसरण्यापेक्षा बाजूला सरकणे अधिक घातक. दातऱ्या आडव्या असल्याने पुढे-मागे थोडी तरी पकड मिळते. बाजूला जवळजवळ नाहीच. रिकामा ट्रेलर सपाट दिसतो म्हणून जमीन घट्ट आहे असे समजणे ही नेहमीची चूक. टायर रुतू लागतात ते वजन वर आल्यावर, आणि तेव्हा डेक, म्हणजे ट्रेलरचा सपाट तळ, कलतो. त्यामुळे टायरखाली व ट्रेलरच्या मागच्या टेकूंखाली आधीच जाड फळ्या देतात, ट्रेलर ओढणारा ट्रक जोडलेलाच ठेवतात, चाकांना पाचरी लावतात. रॅम्पवर वळायचे नाही. रेषा चुकली तर सरळ खाली उतरून पुन्हा चढायचे.

रॅम्प संपून डेक सुरू होतो तिथे पट्ट्यांचे पुढचे टोक क्षणभर अधांतरी राहते आणि सगळे वजन एका अरुंद पट्टीवर येते. या जागी वेग जवळजवळ शून्यावर आणून यंत्र अलगद टेकवतात. पोकलेनचे बकेट खाली, डेकच्या जवळ असते; वरचा भाग रॅम्पवर फिरवत नाहीत.

इशारे देणारा एकच, ऑपरेटरला दिसेल असा, पण यंत्र घसरेल त्या वाटेबाहेर उभा. ऑपरेटरने सीटबेल्ट बांधलेला हवा: कलंडणाऱ्या यंत्रातून उडी मारणारा बहुधा त्याच्याच खाली सापडतो.

पट्ट्यांत उरलेला चिखल प्रवासात हादऱ्यांनी गळतो आणि यंत्र ट्रेलरला बांधणाऱ्या, आवळलेल्या चेन ढिल्या पडतात. काही किलोमीटरांवर थांबून त्या पुन्हा ताणाव्या लागतात.