चेहऱ्याची नस आणि प्रकाशाचा उपचार : हे इथवर कसं आलं

सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या एका कोपऱ्यातून गळतं. आरशात पाहिलं तर एक डोळा मिटत नाही आणि हसू एकाच बाजूला ओढलं जातं. आपल्याकडे याला ‘तोंडावरून वारं गेलं’ म्हणतात आणि घरच्यांच्या मनात पहिली भीती लकव्याची येते. ती भीती उडवून लावू नये. हातापायातली ताकद गेली असेल, बोलणं अडखळत असेल, किंवा तोंड वाकडं होऊनही कपाळाला दोन्ही बाजूंनी आठ्या पडत असतील, तर दुखणं मेंदूतलं असू शकतं. तासही न दवडता रुग्णालय गाठायला हवं. कपाळासकट अर्धा चेहरा निपचित पडला असेल तर मात्र बिघाड बहुधा मेंदूबाहेर, चेहऱ्याच्या नसेत असतो. अशा रुग्णांना व्यायाम आणि शेक यांच्या जोडीने हल्ली लेझरही सुचवला जातो. प्रकाशाने नस बरी होते का, हा प्रश्न मग घरोघरी विचारला जातो. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर दोन वेगवेगळ्या इतिहासांकडे पाहावं लागतं.

पहिला इतिहास नसेचा. हा आजार आयुर्वेदाला ‘अर्दित’ या नावाने परिचित होता आणि त्याची गणना वातव्याधींत होत असे. चेहऱ्याच्या हालचाली नेमक्या कोणत्या नसेकडून होतात, हे प्रयोगांनी दाखवण्याचं श्रेय स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांना दिलं जातं. त्यांनी 1821 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपलं काम मांडलं. कारण सापडत नाही अशा चेहऱ्याच्या लुळेपणाला आज ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात ते त्यांच्यावरूनच.

मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही सातवी नस. कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून ती सुमारे तीन सेंटिमीटर प्रवास करते, कानाखाली बाहेर पडते, लाळग्रंथीत शिरते आणि पाच मुख्य फांद्यांनी चेहऱ्यावर पसरते. बोगद्याचा सर्वांत निरुंद भाग एका मिलिमीटरपेक्षाही कमी रुंदीचा आहे. नसेला सूज आली की तिथे फुगायला जागाच नसते. बेल्स पाल्सीत नस चेंगरते ती याच हाडाच्या आत. ही गोष्ट पुढे प्रकाशाच्या संदर्भात फार महत्त्वाची ठरते.

एकोणिसाव्या शतकात उपचार म्हणून वीज आली. पॅरिसमध्ये द्युशेन यांनी चेहऱ्याचा एकेक स्नायू विजेने आकुंचित करून त्याची छायाचित्रं 1862 मध्ये प्रसिद्ध केली. आपल्याकडे रुग्ण आजही ‘करंट लावून आलो’ म्हणतात, ते त्याच परंपरेतलं.

आता दुसरा इतिहास, प्रकाशाचा. कोडावर बावची लावून उन्हात बसवणं हा आपल्याकडचा जुना उपाय. आधुनिक वैद्यकात प्रकाशाला मान मिळवून दिला डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांनी. प्रखर विद्युतदिव्याचा प्रकाश भिंगांतून एकवटून ते त्वचेच्या क्षयावर सोडत. त्याबद्दल 1903 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना मिळालं आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या 43व्या वर्षी ते गेले. नवजात बाळाच्या काविळीवरचे निळे दिवे तर आज आपल्या परिचयाचेच आहेत. मात्र या सगळ्यांत प्रकाश त्वचेत किंवा त्वचेलगत काम करतो. खोलवरच्या नसेशी त्याचा संबंध कुणी जोडला नव्हता.

तो जुळायची सुरुवात झाली बुडापेस्टमध्ये. 1960 मध्ये थिओडोर मेमन यांनी अमेरिकेत पहिला रुबी लेझर चालवून दाखवला आणि काही वर्षांतच त्याने कर्करोगाच्या गाठी जाळता येतील का, याचे प्रयोग बॉस्टनमध्ये सुरू झाले. हंगेरीचे शल्यविशारद एन्द्रे मेस्टर यांनीही 1967 च्या सुमारास उंदरांच्या पाठीवरचे केस काढून त्यांच्यावर लेझर सोडला. त्यांचं यंत्र बॉस्टनमधल्या यंत्रापेक्षा खूपच क्षीण होतं. गाठींवर काही परिणाम झाला नाही. पण प्रकाश मिळालेल्या उंदरांच्या अंगावर केस भराभर उगवले. दुसऱ्या एखाद्या संशोधकाने हा प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. मेस्टर यांनी त्या केसांचा माग धरला आणि पुढची वर्षं न भरणाऱ्या जखमांवर मंद लेझर वापरून पाहण्यात घालवली. या उपचाराचा उगम एका फसलेल्या प्रयोगाकडे नीट पाहण्यात आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मंद प्रकाशाने पेशीत काय होत असावं, याचा प्रमुख सिद्धान्त रशियातल्या टीना कारू यांच्या संशोधनातून पुढे आला. तांबडा आणि त्याच्या पलीकडचा अदृश्य अवरक्त प्रकाश मायटोकॉन्ड्रियातलं, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाकेंद्रातलं, एक विकर (एन्झाइम) शोषून घेतं, पेशीचं ऊर्जा-उत्पादन वाढतं आणि दुरुस्तीला बळ मिळतं, असा त्याचा गाभा. यावर अजून वाद आहेत. मात्रेचा स्वभावही विचित्र आहे : थोडा प्रकाश चालना देतो, जास्त झाला तर तोच अडथळा ठरतो.

नसांवर हे तंत्र चिकाटीने तपासलं ते इस्रायलचे शिमोन रोखकिंड यांनी. प्राण्यांवरच्या कामानंतर 2007 मध्ये त्यांच्या गटाने हातापायांच्या जुन्या, अर्धवट इजा झालेल्या नसांवरची चाचणी प्रसिद्ध केली. रुग्ण फक्त 18, पण कुणाला खरा प्रकाश आणि कुणाला खोटा, हे रुग्णांना किंवा तपासणाऱ्यांना माहीत नव्हतं. 780 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर 21 दिवस रोज दिला आणि खऱ्या प्रकाशाच्या गटात स्नायूंची ताकद अधिक सुधारली.

मग चेहऱ्याची पाळी आली. सौदी अरेबियातल्या संशोधकांनी 2014 मध्ये बेल्स पाल्सीच्या 48 रुग्णांचे तीन गट करून तीव्र लेझर, मंद लेझर आणि खोटा लेझर यांची तुलना केली. तुर्कस्तानातून 2017 मध्ये 46 रुग्णांचा अभ्यास आला. त्यात व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून तीनदा, सहा आठवडे लेझर होता. दोन्हीकडे लेझर मिळालेल्यांची प्रगती सरस दिसली. जाहिरातींत ‘सिद्ध झालेला उपचार’ म्हणतात, त्यामागे प्रामुख्याने अशाच आकाराचे अभ्यास आहेत.

आणि इथेच जरा थांबायला हवं. कोपनहेगनमध्ये 25 वर्षं चाललेल्या एका अभ्यासात बेल्स पाल्सीचे 1701 रुग्ण कोणत्याही औषधाविना पाहिले गेले आणि त्यांतले 71 टक्के पूर्ण बरे झाले. जो आजार दहातल्या सात जणांत आपोआप ओसरतो, त्यावर प्रत्येक उपचार गुणकारी वाटतो. लेझर, करंट, मालिश, अंगारासुद्धा. खरा फरक ओळखायला शेकडो रुग्ण लागतात. स्कॉटलंडमध्ये 551 रुग्ण घेऊन झालेल्या, 2007 मध्येच प्रसिद्ध झालेल्या चाचणीने ते करून दाखवलं : पहिल्या 72 तासांत प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू केलेल्यांपैकी 94 टक्के नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, न मिळालेल्यांपैकी 82 टक्के. म्हणून लेझरची दहा सत्रं ठरवण्याआधी डॉक्टरांकडून या गोळ्यांबद्दलचा निर्णय व्हायला हवा. ते तीन दिवस निघून गेले की परत मिळत नाहीत.

दुसरी अडचण हाडाची. सूज बोगद्यात आणि लेझरचं टोक गालावर. त्वचा आणि स्नायू ओलांडतानाच बराचसा प्रकाश विखुरतो. कानामागच्या हाडातून आत किती पोचत असेल? प्रकाश सहसा नस जिथे बाहेर पडते तिथे आणि तिच्या फांद्यांवर दिला जातो, म्हणजे इजेच्या जागेपासून पुढे. शिवाय अवरक्त प्रकाश दिसत नाही, आणि या रुग्णाची पापणी मिटतच नाही. संरक्षक चष्म्याशिवाय चेहऱ्यावर लेझर घेऊ नये. उघड्या राहणाऱ्या डोळ्यात दिवसा थेंब घालणं आणि रात्री पापणी पट्टीने बंद ठेवणं हे उपचाराइतकंच मोलाचं, कारण बुब्बुळ कोरडं पडून झालेली जखम नजर नेऊ शकते.

मला खरी आशा वाटते ती वेगळ्या रुग्णांबाबत : अपघातात, किंवा लाळग्रंथी, जबडा, मान यांच्या शस्त्रक्रियेत ज्यांच्या नसेला इजा होते. तंबाखूमुळे तोंडाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यांत खालच्या ओठाकडे जाणारी नाजूक फांदी बऱ्याचदा दुखावते. इथे इजेचा दिवस आणि जागा दोन्ही ठाऊक असतात, अनेकदा नस हाडाबाहेरच असते आणि तुटलेले तंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढत असल्याने मदतीला अवधीही असतो. ब्राझीलच्या संशोधकांनी 2016 मध्ये उंदरांच्या चेहऱ्याच्या नसेची एक फांदी कापली, ती कुठे टाक्यांनी तर कुठे रॅटलस्नेकच्या विषातल्या घटकापासून बनवलेल्या जैविक गोंदाने जोडली आणि काहींना 830 नॅनोमीटरचा लेझर दिला. प्रकाश मिळालेल्या नसांची वाढ चांगली झाली. माणसांवर असे मोठे अभ्यास व्हायला हवेत. मात्र जिथे कर्करोगाची गाठ होती त्या जागेवर प्रकाश देण्याचा निर्णय कर्करोगतज्ज्ञांना विचारूनच व्हावा : पेशींच्या वाढीला चालना देणारी गोष्ट तिथे जपून वापरावी लागते.