परत आलेल्या टपालाचा हिशोब

मेलिंग लिस्ट चालवण्याचे मेलमनसारखे सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवले की लिस्ट चालवणाऱ्यासमोर सेटिंगची इतकी पाने उघडतात की नवखा माणूस बावचळतो. काम तर एवढेसे: एका पत्त्यावर मेल आली, ती यादीतल्या सगळ्यांना पाठवायची. मग उत्तर कुणाकडे जावे, पाठवणाऱ्याचे नाव बदलावे का, किती वेळा मेल परत आली म्हणजे सभासदाचे टपाल थांबवावे, असले ढीगभर प्रश्न कशाला? ते कुणी हौसेने घातलेले नाहीत. जवळजवळ प्रत्येक प्रश्नामागे कधीतरी कुणाच्या तरी लिस्टचा झालेला विचका आहे. आणि यातले बरेचसे विचके मेल गेल्यानंतर, ती परत आल्यावर सुरू झालेले.

सॉफ्टवेअर नव्हते तेव्हाही लिस्ट होत्या. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या आर्पानेटवर १९७५ मध्ये ‘मेसेज ग्रुप’ नावाची लिस्ट सुरू झाली. ईमेल या विषयावरच ईमेलने चर्चा करण्यासाठी. यादी म्हणजे एका फाइलमधले पत्ते, आणि ती सांभाळणारा एक माणूस. आजही सेंडमेल किंवा पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या एलिअस फाइलमध्ये, म्हणजे टोपणपत्त्यांच्या यादीत, एक ओळ टाकली की दहा-बारा जणांची लिस्ट तयार होते, आणि तेवढ्यांसाठी ती पुरतेही. पंचाईत होते ती ‘माझे नाव काढा’ म्हणणाऱ्यांची. ते लिहितात सगळ्या लिस्टला. मग दुसरा लिहितो, ‘माझेही काढा’, तिसरा लिहितो, ‘असे सगळ्यांना लिहू नका’, आणि दुपारपर्यंत मूळ विषय बुडालेला असतो. यावर तोडगा निघाला तो असा: लिस्टच्या नावापुढे ‘-रिक्वेस्ट’ जोडून एक जोडपत्ता ठेवायचा, नाव घाला-काढा म्हणणाऱ्यांनी तिथे लिहायचे. हा रिवाज पुढे १९९७ मध्ये आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या नियमपत्रात रीतसर नोंदवला गेला. सुरुवातीला मात्र त्या पत्त्यामागे बहुतेक ठिकाणी हाडामांसाचा माणूसच बसलेला होता.

त्या माणसाची सुट्टी पहिल्यांदा झाली बिटनेटवर. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्क आणि येल यांच्यात १९८१ मध्ये जोडलेले हे जाळे आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे संस्थेच्या मोठ्या सामायिक संगणकांवर, चाले. १९८४ मध्ये त्यावर ‘लिस्टसर्व्ह’ आले. इंग्रजी नावाची अक्षरे बरोबर आठ, कारण त्या मशीनवर खात्याच्या नावाला आठच अक्षरांची मुभा. पण ती पहिली आवृत्ती एकाच केंद्रातून चाले आणि नावे घालायला माणसेच लागत. १९८६ मध्ये पॅरिसच्या एकोल सेंत्राल या संस्थेतला विद्यार्थी एरिक तोमा याने ते नव्याने लिहिले. आता सभासदाने एका ओळीची आज्ञा मेलने पाठवायची, आणि मशीनने नाव घालायचे. तोमाची दुसरी करामत मला जास्त भावते. जाळ्यातल्या लाइनी ९६०० बिट प्रतिसेकंदाच्या. अटलांटिकपलीकडे पन्नास सभासद असतील तर एकच मेल पन्नास वेळा समुद्र ओलांडून पाठवणे म्हणजे लाइनच तुंबवणे. लिस्टसर्व्हने एकच प्रत पलीकडे पाठवायची आणि तिथल्या लिस्टसर्व्हने ती पुढे वाटायची अशी सोय केली. एसटीने एक गठ्ठा तालुक्याला जावा आणि तिथून पेपरवाल्याने घरोघरी टाकावा, तशी.

लिस्टसर्व्ह पुढे व्यापारी उत्पादन झाले. तोमाने १९९४ मध्ये त्यासाठी कंपनी काढली. युनिक्स ही वेगळी संगणकप्रणाली वापरणाऱ्यांना मेनफ्रेमच्या या सोयीचा तसाही उपयोग नव्हता. त्यांच्यासाठी ब्रेंट चॅपमन यांनी १९९२ मध्ये पर्ल भाषेत ‘मेजरडोमो’ लिहिले. मेजरडोमो म्हणजे मोठ्या घरचा कारभारी, धन्याच्या वतीने बोलणारा आणि व्यवस्था लावणारा. चॅपमन त्या वेळी सतरा लिस्ट सांभाळत होते, आणि ‘-रिक्वेस्ट’वर येणाऱ्या मेलना स्वतः उत्तरे देण्यातून सुटका हवी हाच त्यांचा हेतू होता. त्याच वर्षी युनिक्सच्या व्यवस्थापकांसमोर वाचलेल्या निबंधात त्यांनी तो उघड सांगितला आहे. कारभारी भलताच गाजला. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, लिस्ट कितीतरी वर्षे त्याच्यावर चालली. मात्र आजच्या काटेकोर व्याख्येत त्याला मुक्त स्रोत म्हणता येत नाही. परवान्यात व्यापारी वापरावर बंधने होती. शिवाय तो फार विश्वासू. ‘हू’ (कोण) एवढाच शब्द मेलने पाठवला की सगळ्या सभासदांचे पत्ते हातात ठेवायचा. नव्वदच्या दशकात स्पॅम पाठवणारे आले, आणि त्यांना हे वरदानच झाले. कुणाचेही नाव कुणीही लिस्टवर घालू नये म्हणून आधी त्या पत्त्यावर पक्की करून घेणारी मेल पाठवायची, हे जे सगळीकडे सक्तीचे झाले ते याच काळात.

पण चालकाचा खरा वेळ जाई तो परत आलेल्या मेलमध्ये. आपल्याकडे पोस्टमन पाकिटावर शेरा मारून ते परत करतो: पत्ता अपुरा, मालक मयत, घेण्यास नकार. शेरे ठरलेले, शिक्के ठरलेले. ईमेलच्या जगात मात्र प्रत्येक सर्व्हर आपल्या मनाचा शेरा मारी. कुणी जुना पत्ता सांगे, कुणी नुसतेच ‘जमले नाही’ म्हणे. त्यात सभासदाने एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर मेल वळवलेली असली की परत येणाऱ्या शेऱ्यावर भलताच पत्ता. तो यादीत शोधला तर सापडतच नाही. नेमके कुणाचे नाव काढायचे?

डॅनियल बर्नस्टाइन यांनी यावर काढलेला उपाय इतका साधा आहे की तो आधी कुणाला का सुचला नाही याचे नवल वाटते. शेरा वाचायचाच नाही. प्रत्येक सभासदाला मेल पाठवताना पाकिटावरच्या परतीच्या पत्त्यातच त्याचा पत्ता गुंफून द्यायचा. मग पाकीट परत आले की ते कुठल्या पत्त्यावर आले एवढेच बघायचे. त्यांच्या क्यूमेल या मेल सर्व्हरसोबत चालणाऱ्या ईझेडएमएलएमने १९९७ च्या सुमारास हे रूढ केले. याला ‘व्हर्प’ म्हणतात. किंमत अशी की प्रत्येकाचा परतीचा पत्ता वेगळा, म्हणून प्रत्येकाला वेगळी प्रत. तोमाने जिथे लाइन वाचवली, तिथे बर्नस्टाइनने ती खर्च केली. दहा वर्षांत लाइन स्वस्त झाली होती आणि माणसाचा वेळ महाग.

मेलमनचा जन्म मात्र एका गाण्याच्या बँडपायी झाला. व्हर्जिनियात शिकणाऱ्या जॉन व्हिएगा यांनी डेव्ह मॅथ्यूज बँडच्या चाहत्यांच्या लिस्टसाठी ते लिहिले. मग त्यांची हार्ड डिस्क बिघडली आणि मूळ प्रत गेली. नशिबाने केन मॅनहाइमर मेजरडोमोला पर्याय शोधत होते. त्यांनी ते काम पुढे नेले. ते ज्या सीएनआरआय या संस्थेत होते, तिथेच तेव्हा पायथन भाषेचे काम चाले. पुढे बॅरी वॉर्सॉ यांनी सूत्रे घेतली. मेलमन १.० आले १९९९ मध्ये, मुक्त सॉफ्टवेअरच्या ग्नू प्रकल्पाचा भाग म्हणून. त्यात नवे होते ते वेबपान. मेलने आज्ञा पाठवण्याची परीक्षा संपली. सभासदाने पानावर जायचे, खूण करायची, सुट्टीपुरती मेल थांबवायची किंवा दिवसाच्या सगळ्या मेलचा एकच गठ्ठा मागायचा. बाउन्सचा, म्हणजे परत आलेल्या मेलचा, हिशोबही मेलमनने गुणांवर नेला. मेल परत आली की त्या सभासदाच्या नावावर गुण चढतो, दिवसाला एकदाच. पाच गुण भरले की त्याचे टपाल थांबते, मग आठवड्याच्या अंतराने तीन सूचना जातात, आणि तरीही उत्तर नाही आले तर नाव निघते. हे सगळे आकडे बदलता येतात, पण बहुतेक चालकांनी मूळचेच ठेवले.

महिन्याच्या एक तारखेला येणारी आठवणीची मेलही अनेकांच्या लक्षात असेल: तुम्ही अमुक लिस्टवर आहात आणि तुमचा पासवर्ड तमुक. उघडा, वाचता येईल असा. आज ते वाचून अंगावर काटा येतो, तेव्हा ती सोय वाटायची. मुंबईतल्या लिनक्सवाल्यांची लिस्ट आणि पुण्याच्या प्लग या लिनक्स गटाची लिस्ट मेलमनवरच होती. प्रश्न विचारण्याआधी जुनी पत्रे चाळ, उत्तर खाली लिही, वरती नको, ही दटावणी तिथे कैक जणांनी पहिल्यांदा खाल्ली. ज्यांना सर्व्हर सांभाळायचा नव्हता ते याहू ग्रुप्सकडे गेले. शाळेच्या बॅचेस होत्या, परदेशातली मंडळे होती. याहूने ती सेवा डिसेंबर २०२० मध्ये बंद केली, आणि त्याआधीच जुन्या मेलचा साठा पुसून टाकला.

त्याच याहूने मेलिंग लिस्टना सगळ्यांत मोठा धक्काही दिला होता, तो एप्रिल २०१४ मध्ये. खोट्या नावाने येणाऱ्या मेल रोखण्यासाठी डीमार्क नावाची पद्धत २०१२ मध्ये पुढे आली होती. पाठवणाऱ्याच्या जागी ज्या डोमेनचे, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरचे, नाव आहे, त्याच डोमेनच्या परवानगीच्या सर्व्हरवरून मेल आली का, किंवा तिच्यावर त्या डोमेनची शाबूत डिजिटल सही आहे का, हे घेणाऱ्याने तपासायचे. दोन्ही नसेल तर काय करायचे ते डोमेनच्या मालकाने सांगून ठेवायचे. याहूने आपल्या सर्वसामान्य ग्राहकांच्या डोमेनसाठी सांगितले: नाकारा. काही दिवसांतच एओएलनेही तेच केले.

आता लिस्ट काय करते बघा. सभासदाची मेल घेते, विषयाच्या सुरुवातीला चौकटी कंसात लिस्टचे नाव लावते, तळाशी दोन ओळी जोडते आणि आपल्या सर्व्हरवरून पुढे पाठवते. सर्व्हर याहूचा नाही, आणि मजकुराला हात लागल्याने सहीही मोडलेली. म्हणजे याहूवरच्या कुणी साधा प्रश्न विचारला की जीमेलवरचे सभासद ती मेल नाकारणार. नाकारलेली मेल परत येणार ती लिस्टकडे, आणि गुण चढणार तो नाकारणाऱ्याच्या खात्यावर. पाच वेगवेगळ्या दिवशी याहूवाल्यांनी काही लिहिले की ज्यांनी महिनोन्महिने एक ओळ लिहिली नाही अशांचे टपाल बंद. चालक सकाळी उठून बघतात तर निम्मी लिस्ट ‘थांबवलेली’, आणि दोष कुणाचाच नाही. मोजणीचे यंत्र नेमून दिल्याप्रमाणेच चालले होते.

मेलमनवाल्यांनी लगेच हालचाल केली. पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचाच पत्ता घालायची सोय आधीच्या आवृत्तीत होती. मे २०१४ च्या २.१.१८ मध्ये ती फक्त असे कडक धोरण असलेल्या डोमेनपुरती लावता येऊ लागली. मेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावापुढे लिस्टचे नाव चिकटलेले दिसते, ते तेव्हापासून. अनेकांना हे आवडले नाही, आणि मलाही आवडत नाही: पत्र लिहिणाऱ्याचे नाव पाकिटावरून खोडणारा पोस्टमन कुणाला हवा असतो? पण दुसरा चालणारा मार्ग निघाला नाही. वाटेत कुणी तपासणी केली होती याची साखळी जपणारी एआरसी पद्धत २०१९ मध्ये आरएफसी म्हणून आली, तीही प्रायोगिक म्हणूनच.

मेलमन ३ एप्रिल २०१५ मध्ये आले. वेबपान, साठा आणि गाभा असे वेगळे तुकडे केल्याने ते रचनेत नेटके झाले, पण बसवायला जड. म्हणून २.१ ज्यावर चाले त्या पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपल्यावरही कित्येक जण २.१ लाच चिकटून राहिले. फ्रेंच विद्यापीठांमधून १९९७ मध्ये निघालेले सिम्पा मोठ्या संस्थांना सोयीचे पडते. छोट्या कामाला सी भाषेतले एमएलएमएमजे पुरते, आणि कर्नलची लिस्टही मेजरडोमो सोडून अखेर तिथेच गेली. सॉफ्टवेअर कुठलेही घ्या, ते बसवायला एक दुपार लागते. नंतरचे दिवस जातात ते दुसऱ्यांच्या दारात. भाड्याच्या सर्व्हरवर मेल बाहेर सोडणारे २५ क्रमांकाचे पोर्ट बहुधा बंद असते, ते अर्ज करून उघडून घ्या. सर्व्हरच्या आयपी क्रमांकाची उलटी, म्हणजे क्रमांकावरून नाव सांगणारी, नोंद करा. आधीच्या भाडेकरूने स्पॅम पाठवून आयपी काळ्या यादीत घातला असेल तर त्याचे पाप फेडा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना सही, डीमार्क आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली. जीमेलची मोठ्याची व्याख्या दिवसाला पाच हजार मेल. गल्लीतल्या लिस्टला ती लागू पडत नाही, पण साधी तपासणी छोट्यांचीही होतेच.

एवढे सगळे पार पडून मेलमन ३ वर नवी लिस्ट तयार केली की तिच्यासोबत आणखी काही पत्ते आपोआप निघतात. एक परत येणाऱ्या मेलसाठी, एक मालकासाठी, आणि एक लिस्टच्या नावापुढे ‘-रिक्वेस्ट’ लावलेला. त्यावर नुसते ‘हेल्प’ लिहून पाठवले तर आज्ञांची यादी येते. ती पाठवते मशीन. मालकाच्या पत्त्यावर लिहिले तर मात्र अजूनही माणूसच वाचतो, आणि त्याला येणाऱ्या मेलमध्ये सगळ्यांत जास्त वेळा एकच मागणी असते: माझे नाव काढा.