चाचणीत रक्त पातळ, शरीरात गुठळी

ऑपरेशनआधीच्या तपासण्यांत एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, लांबलेला आला की ठाण्यात काय, कुठेही काय, घरच्यांच्या पोटात गोळा येतो. रक्त थांबणारच नाही, असं वाटतं. पण कारण ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नावाची, शरीरानं स्वतःच्याच विरोधात बनवलेली प्रतिपिंडं असतील, तर खरा धोका बहुतेकदा उलट, म्हणजे गुठळ्या होण्याचा असतो. डॉक्टरांनाही हे उमगायला बराच काळ लागला.

१९५२ मध्ये अमेरिकेत कॉनली आणि हार्टमन यांनी ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) झालेल्या अशा दोन रुग्णांची नोंद केली, तीही रक्तस्रावाचा विकार म्हणूनच. १९६३ मध्ये असं रक्त असलेल्यांच्याच शिरांत गुठळ्या होत असल्याचं पुढे आलं. १९८३ मध्ये लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांनी गुठळ्या, वारंवार होणारे गर्भपात आणि ही प्रतिपिंडं यांची सांगड घातली. त्याच वर्षी कार्डिओलिपिन या स्निग्ध पदार्थाविरोधी, याच गटातली प्रतिपिंडं मोजण्याची चाचणीही आली. गरोदरपणात होणाऱ्या व्हीडीआरएल या गरमीच्या रोगाच्या चाचणीमध्येही हेच कार्डिओलिपिन वापरतात. त्यामुळे ही प्रतिपिंडं असलेल्या बायकांची व्हीडीआरएल तो रोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. खात्रीची दुसरी चाचणी होण्याआधीच घरात संशय शिरावा, हा केवढा अन्याय!

चाचणीच्या नळीत रक्त गोठायला फॉस्फोलिपिड या स्निग्ध पदार्थाचा पृष्ठभाग लागतो. प्रतिपिंडं तिथल्या प्रथिनांना धरून ती जागाच अडवतात, म्हणून वेळ लांबते. शरीरात मात्र तीच प्रतिपिंडं रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि प्लेटलेट्स यांना चिथावतात. वेळ नेमकी कशामुळे लांबली हे कळावं म्हणून रुग्णाचा प्लाझ्मा (रक्तातला पेशींविना द्रव) निरोगी प्लाझ्म्यात निम्मानिम्म मिसळून पाहतात. रक्त गोठवणारा एखादा घटक कमी असेल तर वेळ सुधारते. प्रतिपिंडं असतील तर सहसा सुधारत नाही.

१९८६ मध्ये या प्रतिपिंडांच्या शोधात घोणस आली. येऊरच्या वाटांवर जिची धास्ती असते, तीच. तिचं विष रक्त गोठवणाऱ्या दहाव्या घटकाला थेट जागं करतं. ते पातळ करून, अगदी थोड्या फॉस्फोलिपिडसोबत वापरलं की प्रतिपिंडांचा अडथळा उघड होतो. जास्तीचं फॉस्फोलिपिड घातलं की वेळ पुन्हा आखडते. घोणशीच्या पातळ केलेल्या विषाची ही चाचणी म्हणजे डीआरव्हीव्हीटी.

नमुना निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रेषेपर्यंत भरायचा आणि दोनदा सेंट्रिफ्यूज करायचा. प्लेटलेट्स उरल्या तर त्यांचंच फॉस्फोलिपिड प्रतिपिंडं शोषून घेतं आणि रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती लॅबला सांगायलाच हवी. पॉझिटिव्ह आली, तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा तपासतात, कारण साध्या संसर्गानंतरही ही प्रतिपिंडं काही काळ दिसतात आणि मग निघून जातात.