मूत्रपिंडविकारातील ऑक्सिडीकारक ताण व हृदयाचा धोका

मूत्रपिंडांचे गाळण्याचे काम तीन महिन्यांहून अधिक काळ मंदावलेले असले, किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन सतत जात असले, तर त्यास दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. या विकारात ऑक्सिडीकारक द्रव्यांची निर्मिती वाढते आणि त्यांना निष्प्रभ करणारी शरीराची यंत्रणा दुबळी होते. हा बिघडलेला तोल म्हणजे ऑक्सिडीकारक ताण. रक्तवाहिन्यांचे अंतःस्तर, रक्तातील मेदवाहक प्रथिने आणि हृदयाचा स्नायू या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. मूत्रपिंडविकार झालेल्या बहुतेकांच्या बाबतीत डायलिसिसची पाळी येण्यापेक्षा त्याआधी मृत्यू येण्याचा संभव अधिक असतो आणि त्या मृत्यूंत हृदयविकाराचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणून हा विषय केवळ मूत्रपिंडाचा नाही.

संज्ञा : ‘ऑक्सिडीकारक ताण’ हा शब्द ग्रंथांतच राहिला आहे. काही लेखक ‘ऑक्सिडनजन्य ताण’ असेही लिहितात. रुग्णाच्या घरी यातला कोणताच शब्द ऐकू येत नाही. कोल्हापुरात ‘किडनीला सूज आहे’, ‘क्रिएटिनिन वाढलंय’, ‘डायलिसिसवर लागलाय’ या तीन टप्प्यांत सारा आजार सांगून होतो आणि त्यात हृदयाचा उल्लेख सहसा नसतो. मूळ इंग्रजी संज्ञेचे श्रेय बहुधा हेल्मुट झीस यांना, त्यांनी १९८५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाच्या आधारे दिले जाते. मात्र तांबड्या रक्तपेशींतील ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्यावरील लेखनात हा शब्दप्रयोग १९७० च्या सुमारासही आढळतो. तेव्हा झीस यांनी संज्ञा घडवली असे म्हणण्यापेक्षा तिला व्याख्या दिली, असे म्हणणे अधिक योग्य होईल. तिच्यामागची कल्पना आणखी जुनी आहे. डेनम हार्मन यांनी १९५६ मध्ये वार्धक्याचा संबंध मुक्त मूलकांशी (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील रेणूंशी) जोडला. जो मॅक्कॉर्ड व अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये सुपरऑक्साइड या मूलकाला निष्प्रभ करणाऱ्या सुपरऑक्साइड डिसम्युटेज या विकराचे (एन्झाइमचे) कार्य दाखवले, आणि सजीव पेशी अशा मूलकांशी रोज झुंजत असते हे मान्य झाले.

मूत्रपिंड व हृदय यांच्या संबंधाचा शोध : याचे पहिले श्रेय लंडनच्या गाइज (Guy's) रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांच्याकडे जाते. मूत्रपिंडे आक्रसलेल्या रुग्णांच्या शवविच्छेदनात डावे हृदय जाड झालेले असते, हे त्यांनी १८३६ मध्ये नोंदवले. त्यांनी दोन शक्यता मांडल्या. एक, बिघडलेले रक्त हृदयाला थेट चेतवते. दुसरी, ते बारीक रक्तवाहिन्यांत असा काही बदल घडवते की रक्त पुढे ढकलण्यास हृदयाला जादा जोर लावावा लागतो. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे रिव्हा-रोची यांचे उपकरण १८९६ चे आहे, म्हणजे ब्राइट यांच्यानंतर साठ वर्षांनी आले. हे लक्षात घेतले की त्यांच्या दुसऱ्या तर्काचे मोल कळते. पहिला तर्कही टाकाऊ ठरला नाही; आजची ऑक्सिडीकारक ताणाची उपपत्ती त्याच्याच जवळ जाते.

पुढचा टप्पा सिअॅटलचा. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी १९६० मध्ये टेफ्लॉनची नळी हातात कायम ठेवून वारंवार डायलिसिस शक्य केले. रुग्ण वर्षानुवर्षे जगू लागले, आणि मग हृदयविकाराने जाऊ लागले. तेथील ३९ रुग्णांचा आढावा लिंडनर व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील २३ मृत्यूंपैकी १४ रोहिणीकाठिण्याच्या (रोहिण्यांच्या भिंती कडक व अरुंद होण्याच्या) उपद्रवांमुळे झाले होते. या विकाराची गती डायलिसिसमध्ये वाढते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यावर बराच वाद झाला. रक्तवाहिन्या डायलिसिसपूर्वीच खराब झालेल्या असतात, दोष डायलिसिसचा नाही, असे प्रतिपक्षाचे म्हणणे होते. पुढील पुरावा प्रतिपक्षाकडे अधिक झुकतो. अमेरिकेतील अकरा लाखांवर प्रौढांच्या २००४ मधील अभ्यासात गाळणवेग (मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात तो आकडा) ६० च्या खाली उतरल्यापासूनच हृदयविकाराचा धोका पायरीपायरीने चढत गेलेला दिसतो. डायलिसिसवरील तरुणाचा हृदयविकाराने मृत्यू होण्याचा दर सर्वसामान्य ऐंशीच्या घरातील माणसाइतका असतो, हे १९९८ मध्ये अमेरिकी आकडेवारीतून दाखवले गेले.

यंत्रणा : रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिन या संप्रेरकाच्या प्रभावाने रक्तवाहिनीच्या भिंतीतील विकरे सुपरऑक्साइड बनवतात. ते वाहिनी सैल करणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला गिळते, आणि वाहिनी सैल पडण्याची क्षमता गमावते. पांढऱ्या पेशींतील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर हायपोक्लोरस आम्ल तयार करते. घरातल्या ब्लीचमध्ये असते तेच हे द्रव्य, आणि ते रक्तातील प्रथिनांना जाळते. अशा जळलेल्या प्रथिनांचे मापन व्हेरोनिक विट्को-सारसा यांच्या गटाने १९९६ मध्ये डायलिसिसच्या रुग्णांतच प्रथम मांडले. साचलेल्या युरियापासून सायनेट बनते व ते मेदवाहक प्रथिनांना चिकटते. आतड्यातील जंतूंपासून आलेले इंडॉक्सिल सल्फेट प्रथिनांना घट्ट बांधलेले असल्याने डायलिसिसच्या पडद्यातून फारसे निघत नाही. संरक्षणाची बाजूही खचते. प्लाझ्मातील ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मुख्यतः मूत्रपिंडाच्या नलिकांतच तयार होते. मूत्रपिंड गेले की गाळणीबरोबर हे संरक्षक विकरही घटते.

जोनाथन हिमेलफार्ब व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये या सर्वांना एका सूत्रात ओवून ऑक्सिडीकारक ताण हेच या रुग्णांतील हृदयविकाराचे एकसंध स्पष्टीकरण असावे, असे सुचवले. एकच सूत्र पुरे पडत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वाढलेल्या फॉस्फेटमुळे वाहिनीच्या मधल्या थरात चुना बसतो व तेथील स्नायुपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. एफजीएफ-२३ या संप्रेरकाने हृदयाचा स्नायू जाड होतो, हे २०११ मध्ये दाखवले गेले. डायलिसिसच्या रुग्णांत नेहमीच्या हृदयझटक्यापेक्षा अकस्मात हृदय बंद पडणे व हृदयाची दुर्बलता यांचे प्रमाण मोठे असते, तेही याला धरून आहे.

मापनातील अडचणी : भारतातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या जीवरसायनशास्त्र विभागांत हा ताण बहुधा मॅलॉनडायअल्डिहाइडवरून (मेदाच्या ऑक्सिडीकरणातून बनणाऱ्या रेणूवरून) मोजतात. रक्तद्रव आम्लात थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर उकळत्या पाण्यात ठेवला की परीक्षानळीत गुलाबी रंग चढतो व त्याची गडदता ५३२ नॅनोमीटरवर वाचतात. पद्धत स्वस्त आहे, विद्यार्थ्याच्या हातून होते, म्हणून प्रबंधांत तीच सापडते. पण काही शर्करा, सियालिक आम्ल व बिलिरुबिन यांमुळेही असा रंग येतो. शिवाय हा रेणू लहान असल्याने डायलिसिसमध्ये धुऊन जातो. डायलिसिसनंतर आकडा उतरला तर ताण कमी झाला असे होत नाही, रेणू निघून गेला एवढेच होते. याहून फसवी चाचणी ‘एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमता’ ही होय. यूरिक आम्ल स्वतः प्रतिऑक्सिडीकारक आहे व मूत्रपिंडविकारात ते साचते. त्यामुळे अत्यवस्थ रुग्णाची क्षमता निरोग्याहून जास्त दिसू शकते. मेदाच्या ऑक्सिडीकरणातूनच बनणारा एफ२-आयसोप्रोस्टेन हा १९९० मध्ये मांडला गेलेला दर्शक सर्वांत विश्वसनीय मानतात, परंतु त्यासाठी महागडे वस्तुमान-वर्णपटमापन लागते. यांपैकी कोणतीही चाचणी रुग्णाचा उपचार ठरवण्यासाठी वापरात नाही.

उपचारांच्या चाचण्या : ताणामुळे इजा होते, तर प्रतिऑक्सिडीकारक गोळ्या द्याव्यात, हा तर्क सरळ आहे, त्याचा पडताळा मात्र समाधानकारक आला नाही. इस्राएलमधील १९६ डायलिसिस-रुग्णांना दररोज ८०० एकक ई जीवनसत्त्व दिले असता हृदयविकाराच्या घटना ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आल्या (२०००), पण एकूण मृत्यू घटले नाहीत. जर्मनीत १३४ रुग्णांवर अॅसिटिलसिस्टीनचेही तसेच झाले (२००३). उलट, हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांच्या ‘होप’ चाचणीत ई जीवनसत्त्वाचा काही लाभ दिसला नाही, आणि त्यातील मूत्रपिंड दुर्बल असलेल्या गटातही नाही. बार्डॉक्सोलोन हे पेशींची स्वतःची संरक्षणव्यवस्था जागवणारे औषध तर हृदय दुर्बल होण्याच्या घटना वाढल्याने २०१२ मध्ये मध्येच थांबवावे लागले. त्या चाचणीत २,१८५ रुग्ण होते. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात डायलिसिसपूर्व रुग्णांत हृदयविकाराच्या बाबतीत लाभ आढळला नाही; डायलिसिसच्या रुग्णांतील पुरावा अपुरा ठरला.

सिद्ध झालेले उपाय वेगळे आहेत : रक्तदाब व मधुमेहाचे नियंत्रण, लघवीत प्रथिने जात असल्यास अँजिओटेन्सिनविरोधी औषधे, कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन (डायलिसिस सुरू झाल्यावर नव्याने दिल्यास त्याचा लाभ दिसत नाही), आणि २०१९ पासून मूत्रपिंडरक्षणासाठी सिद्ध झालेली, मूळची मधुमेहावरची ग्लिफ्लोझिन गटातील औषधे.

कोल्हापूर परिसरातील संदर्भ : तालमींच्या या शहरात क्रिएटिनिनच्या आकड्याने दोन्हीकडून फसगत होते. क्रिएटिनिन स्नायूंतून येते व मूत्रपिंडे ते गाळून टाकतात. डेसिलिटरमागे १.२ मिलिग्रॅम हाच आकडा पंचवीस वर्षांच्या पुरुषात सुमारे ८६ गाळणवेग दर्शवतो, आणि सत्तरीच्या बाईत सुमारे ४९. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत घाम गाळणाऱ्या पैलवानाचे मूत्रपिंड धडधाकट असूनही आकडा चढा दिसतो आणि घरचे घाबरतात. कृश आजीचा अहवाल मात्र ‘नॉर्मलच आहे’ म्हणून कपाटात जातो. दोघांनाही लघवीतील अल्ब्युमिनची तपासणी उपयोगी पडते, आणि पैलवानासाठी सिस्टॅटिन-सी ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्तचाचणी.

डायलिसिसची सोय छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात (लोकांच्या तोंडी ‘सीपीआर’ किंवा ‘थोरला दवाखाना’) आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तिचा समावेश आहे. भारतात आठवड्याला दोनच डायलिसिस घेणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे मधला खंड लांबतो. आठवड्याला तीन डायलिसिस घेणाऱ्या ३२,०६५ अमेरिकी रुग्णांतही दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्युदर दर १०० व्यक्तिवर्षांमागे २२.१ होता, इतर दिवशी १८.० (२०११). २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्गच बंद झाला होता. शहराबाहेरून डायलिसिसला येणाऱ्या माणसासाठी असा बंद रस्ता थेट हृदयावर येतो : पाणी साचते, पोटॅशियम चढते, ठोके बिघडतात. पावसाळ्यापूर्वीच नदीच्या आपल्या बाजूचे केंद्र ठरवून ठेवणे, हा या जिल्ह्यापुरता उपचाराचाच भाग मानावा.

आहाराविषयी गैरसमज पुष्कळ आहेत. रक्त कमी झाले म्हणून गूळ खायला सांगतात; गुळात साखरेच्या कितीतरी पट पोटॅशियम असते. ताण कमी करण्यासाठी घेतलेला गव्हांकुराचा रस त्याच वाटेने जातो, आणि क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचे ऑक्झलेट होऊन मूत्रपिंडात साचते. कमी सोडियमचे म्हणून विकत आणलेले मीठ बहुधा पोटॅशियम क्लोराइड मिसळलेले असते. तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा प्रश्न रुग्ण हमखास विचारतात. मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात मांसातले पोटॅशियम व फॉस्फेट बऱ्याच अंशी उतरलेले असते आणि पांढरा रस्सा त्याच पाण्यावर होतो. वर नारळाचे दूध, काजू, खसखस. अशा रुग्णाने रश्श्याची वाटी बाजूला ठेवून उकडलेले चार तुकडे घेतलेले बरे. भाज्यांनाही हाच न्याय लागू आहे : बटाटा वा पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळावी, ते पाणी ओतून द्यावे आणि आमटीत घालू नये.