एका हाताची गाडी

पावसाच्या पहिल्या आठवड्यात झाराप तिठ्याच्या अलीकडे माझी स्कूटर आडवी झाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. डंपरमधून सांडलेली लाल माती, वरून बारीक भुरभुर, आणि मी वळणावर घाबरून मागचा ब्रेक दाबला. मागचं चाक निसटलं, स्कूटर कुशीवर झोपली आणि मी तिच्यामागून गटारापर्यंत घसरत गेलो. मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली. पुढे हाताला प्लेट घालून गॅरेजमध्ये गेलो तेव्हा मिस्त्री गाडीकडे बघत म्हणाला, "बरा झाला, चाकान मधीच ग्रिप घेतल्यान नाय. घेतल्यान असता तर तू माडाच्या शेंड्यार गेलो असतस."

मिस्त्री दहावी नापास आहे, पण त्याचं हे वाक्य भौतिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहावं असं आहे. घसरलेलं चाक घसरतच राहिलं तर दुचाकी शांतपणे आडवी पडते. खरचटतं, क्वचित हाड मोडतं. खरा धोका असतो तो चाक आडवं घसरत असताना रस्त्याने त्याला अचानक पुन्हा पकडलं तर. गाडी आडव्या दिशेने जात असते आणि टायर एका क्षणात थांबतो. मग ती आडवी गती जाणार कुठे? चाकाच्या टेकल्या जागेभोवती सगळी गाडी कोलमडून उलट्या बाजूला उसळते, दबलेली सस्पेन्शनची स्प्रिंग त्यात आपली भर घालते आणि स्वार गोफणीतल्या दगडासारखा फेकला जातो. रेसवाले याला हायसाइड म्हणतात. १९ जुलै २०२० रोजी स्पेनमधल्या हेरेस इथे मोटारसायकल रेसर मार्क मार्केझ असाच उडाला. तो वाळू-खडीत पडला, मागून त्याचीच गाडी येऊन त्याच्यावर आदळली आणि उजव्या दंडाचं हाड मोडलं.

तोपर्यंत हा माणूस काय होता ते थोडक्यात सांगतो. स्पेनच्या सर्वेरा गावचा, जन्म १९९३. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या सर्वोच्च वर्गात पहिल्याच वर्षी, २०१३ साली, विसाव्या वर्षी जगज्जेता. २०१४ च्या मोसमातल्या पहिल्या दहाच्या दहा शर्यती त्याने जिंकल्या. २०१९ पर्यंत सात वर्षांत सहा विजेतेपदं, सगळी होंडाच्या गाडीवर. २०१९ मध्ये १९ शर्यतींपैकी १२ त्याने जिंकल्या, सहांत दुसरा आला आणि उरलेल्या एकीत, अमेरिकेत, पडला. हेरेसच्या त्या दिवशीसुद्धा सुरुवातीलाच ट्रॅकबाहेर जाऊन तो सोळाव्या क्रमांकावर गेला होता आणि तिथून पुढच्यांना एकेक करून मागे टाकत तिसरा झाला होता. शर्यत संपत आली होती. तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दोन दिवसांनी बार्सिलोनात शस्त्रक्रिया झाली, टायटॅनियमची प्लेट आणि स्क्रू बसवले. आणि पुढच्याच शनिवारी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर चौथ्या दिवशी, तो त्याच ट्रॅकवर १५७ किलोंहून जड गाडी घेऊन उतरला! दुखणं असह्य झाल्यावर माघार घेतली, पण व्हायचं ते होऊन गेलं असावं.

इथे हाडाबद्दल जरा बोलायला हवं, कारण प्लेट म्हणजे हाड जोडणारी वस्तू असा आपल्याकडे सर्रास समज आहे. माझाही होता. प्लेट हाड जोडत नाही, ती फक्त तुकडे जागच्या जागी धरून ठेवते. जोडायचं काम हाड स्वतःच करतं. मोडल्या जागी आधी रक्त साकळतं. त्या गाठीत पेशी शिरून दोनतीन आठवड्यांत मऊ, कुर्च्यासारखा सांधा धरतात. त्यात हळूहळू कॅल्शियम भरून तो कडक व्हायला दीड ते तीन महिने लागतात, आणि तो घासूनपुसून मूळ आकाराला यायला त्याहून कितीतरी जास्त. तोपर्यंत प्रत्येक हालचालीचा भार धातूवर पडतो. आणि धातू थकतो. तार एकदा वाकवली तर तुटत नाही, तीच पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसाच हा थकवा. प्रत्येक हेलकाव्याबरोबर न दिसणारी भेग केसभर पुढे सरकते. म्हणजे हाडाच्या प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर एक शर्यत लागलेली असते: आधी हाड जुळतं की आधी प्लेट तुटते?

ही शर्यत मार्केझ हरला. ऑगस्टच्या सुरुवातीला, घरी खिडकी उघडताना प्लेट तुटल्याचं संघाने जाहीर केलं. लोक खिडकीवर हसले. पण खिडकी बिचारी निमित्तमात्र. घरात कोनाड्यातली बरणी कोणाच्या हातून फुटली यावर जसा वाद होतो तसलाच हा प्रकार, तडा आधीच गेलेला असतो. दुसरी शस्त्रक्रिया झाली, तरी हाड जुळेना. डिसेंबरमध्ये तिसरी झाली तेव्हा आत जंतुसंसर्ग सापडला. मोडलेल्या जागी तयार झाला होता तो हलणारा 'खोटा सांधा'. जंतू असतील तिथे हाडाच्या पेशी नवं हाड धरत नाहीत. शेवटी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून तिथे बसवावा लागला. २०२० चा सगळा मोसम गेला.

एप्रिल २०२१ मध्ये तो परतला. जूनमध्ये जर्मनीतल्या साक्सनरिंगला जिंकलासुद्धा, शेवटच्या विजयानंतर ५८१ दिवसांनी. सगळ्यांना वाटलं, आला परत! पण साक्सनरिंगचा नकाशा बघा. तिथे १३ वळणं आहेत आणि त्यातली १० डावीकडची. उजव्या वळणांच्या ट्रॅकवर तो हात त्याला साथ देत नव्हता. (त्याच वर्षी मिसानोला, उजव्या वळणांच्या ट्रॅकवरही तो जिंकला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तिथे आघाडीवरचा स्वार बान्याया पडला होता.)

घोटाळा असा होता की हाड जुळलं, पण वळून जुळलं. खालचा भाग वरच्या भागाच्या मानाने तीस अंशांहून जास्त फिरलेला होता. दंडाचं हाड फिरलं की कोपर भलतीकडे बघतं, आणि कोपर भलतीकडे बघत असेल तर खांद्याला वाकडं होऊन हात हँडलपर्यंत न्यावा लागतो. चहाचा कप उचलायला एवढ्याने काही अडत नाही. पण दुचाकीवर उजव्या हाताकडे काय काय असतं आठवा: अॅक्सिलरेटर आणि पुढचा ब्रेक, दोन्ही. जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये त्याचं दंडाचं हाड मुद्दाम कापून, फिरवून पुन्हा बसवलं. चौथी शस्त्रक्रिया.

मधल्या काळात डोळ्यांनीही दगा दिला. सराव करताना डोक्यावर पडल्याने त्याला २०२१ च्या अखेरीस एकाचे दोन दिसू लागले, २०२२ मध्ये इंडोनेशियातल्या अपघातानंतर पुन्हा. नाकाकडे वळलेला डोळा खाली खेचणारा एक स्नायू आहे, त्याला हुकूम देणारी चौथी मज्जातंतू कवटीतल्या बारा जोड्यांत सगळ्यात बारीक आणि कवटीच्या आत सगळ्यात लांबचा वळसा घेणारी. म्हणून डोक्याला हिसका बसला की पहिला मार बऱ्याचदा तिलाच.

आता गाडीकडे येतो, कारण माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

माझ्या आजीचा एक आडाळो होता, घाटावर ज्याला विळी म्हणतात तो. वर्षानुवर्षं बांगडे कापून पातं मध्ये झिजून चंद्रकोर झालेलं. आजी बोलता बोलता, न बघता त्यावर मासे कापायची. काकीने हात लावला की बोट कापलंच. आडाळो वाईट नव्हता, तो आजीच्या मनगटाच्या कोनावर झिजलेला होता. होंडाची आरसी२१३व्ही ही गाडी अशीच एका मनगटावर झिजत गेली.

कसं ते समजायला टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा. ब्रेक लावण्यात खर्च केलात तर वळायला कमी उरतो. सरळ रस्त्यावर सगळा पगार ब्रेकवर उधळता येतो, पण गाडी कलंडू लागली की दोन्ही खर्च एकाच खिशातून. आणि वळणाचा खर्च वेगाच्या वर्गाने वाढतो. आंबोली घाटातलं २० मीटर त्रिज्येचं वळण ताशी ३६ किलोमीटरने घेतलंत तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा आडवा जोर लागतो आणि गाडी सुमारे २७ अंश कलते. तेच ७२ ने घ्यायचं म्हटलं तर जोर चौपट, गुरुत्वाकर्षणाच्या दुप्पट. तेव्हा गाडी ६४ अंश कलवावी लागेल आणि आपल्या टायरची तेवढी ऐपत नाही. मोटोजीपीत मात्र ६० अंशांच्या वर कलणं हा रोजचा मामला आहे.

सगळे स्वार वळणात शिरताना हळूहळू ब्रेक सोडतात. मार्केझ गाडी पुरती कलली तरी ब्रेक दाबून ठेवायचा. पगार संपून पुढचं चाक निसटू लागलं की कोपर आणि गुडघा जमिनीवर टेकवून गाडी उचलायचा आणि पुढे जायचा. इतरांसाठी जो अपघात, ती त्याच्यासाठी नेहमीची वाट. साहजिकच इंजिनिअरांनी त्याला हवी तशी गाडी दिली: पुढच्या टायरवर भिस्त ठेवणारी, झटकन वळणारी, मागून हट्टी. तो जिंकला की ती दिशा बरोबर ठरायची आणि पुढच्या वर्षी त्याच दिशेने आणखी एक पाऊल. २०१९ मध्ये होंडाला उत्पादकांच्या स्पर्धेत ४२६ गुण मिळाले. तिथे प्रत्येक शर्यतीत त्या कंपनीच्या सगळ्यात पुढे आलेल्या एकाच गाडीचे गुण धरतात. त्या ४२६ पैकी ४२० मार्केझचे होते. त्याच संघात, तशाच गाडीवर तीन वेळचा मोटोजीपी विजेता खोर्खे लोरेंझो होता. त्याला अख्ख्या मोसमात २८ गुण मिळाले आणि तो निवृत्त झाला. तेव्हा बहुतेकांनी लोरेंझो संपला असं म्हटलं. मला वाटतं तो आडाळ्यावर बसलेली काकी होता.

मग आजीचाच हात मोडला. २०२० मध्ये होंडाला एकही शर्यत जिंकता आली नाही. त्याच वर्षी मिशेलिनने जास्त पकड असलेला नवा मागचा टायर आणला होता. ऐकायला चांगलं वाटतं, पण मागची पकड वाढली की मागचं चाक पुढच्याला ढकलतं, आणि होंडाची सगळी मदार पुढच्यावर. गाडी कुठे चुकतेय ते नेमकं सांगणारा माणूस दवाखान्यात. २०२२ साली कंपनीने गाडी जवळजवळ नव्याने बांधली, भार मागे नेला. मागची पकड मिळाली, पण पुढच्या चाकाची जाणीवच गेली. त्या वर्षी साक्सनरिंगला, मार्केझ उपचारांत असताना, होंडाच्या एकाही गाडीला एकही गुण मिळाला नाही. असं आधी घडलं होतं १९८२ साली. मोसम संपला तेव्हा होंडा उत्पादकांत शेवटची होती.

तिकडे डुकाटी या इटालियन कंपनीच्या आठ गाड्या एकाच वेळी ट्रॅकवर. आठ वेगवेगळ्या देहांचे, सवयींचे स्वार, आणि सगळ्यांची माहिती एका जागी. जी सुधारणा आठांनाही मानवते ती गाडीची सुधारणा, एकालाच मानवते ती त्या एकाची सवय. हा फरक करायला होंडाकडे साधनच उरलं नव्हतं. हवेच्या दाबाने गाडी जमिनीला चिकटवणारे पंख, सरळ रस्त्यावर गाडीचा मागचा भाग खाली बसवणारी युक्ती, यांतही इटलीवाले पुढे गेले होते.

हात बरा झाल्यावर मार्केझने जुन्याच पद्धतीने ती नवी गाडी हाकायचा प्रयत्न केला. परिणाम: २०२३ च्या मोसमात तो २९ वेळा पडला. त्याच्या लाडक्या साक्सनरिंगला एका शनिवार-रविवारात पाच वेळा पडला आणि रविवारची शर्यत सोडून दिली. पूर्वी पुढचं चाक निसटायच्या आधी गाडी त्याला कुजबुजून सांगायची. आता ती मुकी होती, थेट पाडायची. त्या सप्टेंबरात भारतातली पहिली मोटोजीपी बुद्ध सर्किटवर झाली. माझा भाचा ती बघायला कुडाळहून रेल्वेने दिल्लीला गेला होता. शनिवारच्या छोट्या शर्यतीत मार्केझ तिसरा आला, रविवारी तिसरा असतानाच पडला आणि उठून नववा आला. भाचा दोन दिवस फोनवर एकच वाक्य बोलत होता, "मामा, तेचो हात बरो झालो हा, गाडीच बरी नाय."

ऑक्टोबरमध्ये मार्केझने करार एक वर्ष आधी मोडून होंडा सोडली आणि डुकाटीच्या एका छोट्या संघात, आदल्या वर्षीच्या गाडीवर बसला. सप्टेंबर २०२४ मध्ये आरागॉनला तो जिंकला. मिसानोच्या त्या विजयानंतर मधे १०४३ दिवस गेले होते. २०२५ मध्ये, डुकाटीच्या मुख्य संघातून, तो पुन्हा जगज्जेता झाला. म्हणजे भाच्याचं निदान बरोबर होतं.

आणि होंडा? २०२४ मध्ये पुन्हा शेवटची, सबंध वर्षाचे ७५ गुण. त्या वर्षाअखेर तीस वर्षांचा मुख्य प्रायोजकही गेला. मागे पडलेल्या कंपन्यांना जास्त चाचण्यांची मुभा देणारा नियम आला होता, त्याचा फायदा घेत गाडी वेगवेगळ्या स्वारांच्या हाताखाली पुन्हा घडवली गेली. ११ मे २०२५ ला फ्रान्समध्ये ल माँ इथे पाऊस लागला आणि योहान झार्को होंडावर जिंकला. ओल्या रस्त्यावर सगळ्यांचाच पगार कमी होतो. जोरात ब्रेक नाही, खोल कल नाही, पंखांचाही तोरा उतरतो, त्यामुळे चांगल्या आणि वाईट गाडीतलं अंतर आटतं.

त्या रात्री आमच्याकडेही वळिवाचे चार थेंब पडले होते. सकाळी मिस्त्रीला मोबाईलवर शर्यतीचा शेवट दाखवला. त्याने ती दोनदा पाहिली, हात पुसले आणि म्हणाला, "पावसात सगळेच सारखे घाबरतत. सुक्यात जिंकान दाखव म्हणा." मग त्याने माझ्या स्कूटरचा मागचा टायर नखाने खरवडून बघितला, म्हणाला, "ह्यो बदल. जून येता."