वृषणापासून रिसेप्टरपर्यंत: अँड्रोजेन आणि अँड्रोजेनरोधक औषधांची पार्श्वभूमी

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत अँड्रोजेन (म्हणजे मुख्यतः टेस्टोस्टेरॉन) हे पुरुषी संप्रेरक दोन टोकांनी लोकांच्या आयुष्यात येते. कुंडलच्या मैदानात उतरण्याचे स्वप्न पाहणारा मल्ल किंवा नुसतेच शरीर कमावू पाहणारा जिममधला तरुण ते बाहेरून टोचून घेण्याच्या मोहात पडतो; आणि प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालील ग्रंथीच्या, कर्करोगावर उपचार घेण्यासाठी मिरजेला आलेल्या वृद्ध शेतकऱ्याच्या शरीरातून तेच संप्रेरक जवळजवळ नाहीसे करण्यासाठी डॉक्टर औषध लिहून देतात. ही दोन्ही प्रकारची औषधे एकाच संशोधनपरंपरेतून आली आहेत. ती समजून घेताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: वृषण स्वतःच्या मर्जीने काम करत नाहीत, मेंदू त्यांना हुकूम देतो आणि रक्तातील पातळी पाहून तो हुकूम कमी-जास्त करतो.

खोंड बडवला की त्याचे वशिंड बेताचे राहते, स्वभाव निवळतो आणि तो औताला नीट चालतो, हे माण, खटाव, आटपाडी या खिलार जनावरांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वृषण गेल्यावर शरीर बदलते ही माहिती जगभरच्या पशुपालकांकडे होती; मात्र का बदलते याचे उत्तर १८४९ साली गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांवर केलेल्या प्रयोगातून प्रथम हाती लागले. वृषण काढलेल्या कोंबड्यांचा तुरा खुरटला, त्यांचे आरवणे आणि झुंजणे थांबले. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले ते मात्र पूर्ववत वाढले. बसवलेल्या वृषणाला नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या, पण मज्जातंतू जोडले गेले नव्हते. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. एवढ्या मोठ्या निष्कर्षाकडे त्या काळात फारसे कोणी लक्ष दिले नाही, याची हळहळ आजही वाटते.

त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८८९ मध्ये, शार्ल ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपल्याला तारुण्य लाभल्याचे पॅरिसमध्ये जाहीर केले. हे संप्रेरक पाण्यात जेमतेम विरघळते आणि वृषणात त्याचा साठाही होत नाही. त्यामुळे त्या पाणीदार अर्कात त्याचे प्रमाण नगण्य असणार, आणि जाणवलेला उत्साह श्रद्धेतून आला असणार. तरीही या दाव्यामुळे रसायनशास्त्रज्ञ शोधाला लागले. आडोल्फ बुटेनान्ट यांनी १९३१ मध्ये हजारो लिटर मूत्रातून अवघे १५ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरॉन हे अँड्रोजेन वेगळे केले. १९३५ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमला एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेत वळूंच्या वृषणांतून टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात मिळाले, आणि त्याच वर्षी बुटेनान्ट व लिओपोल्ड रुझिच्का यांच्या गटांनी ते कोलेस्टेरॉलपासून तयार करून दाखवले. १९३९ चा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार या दोघांना मिळाला.

शुद्ध संप्रेरक हाती आले तरी ते औषध म्हणून देणे सोपे नव्हते. गोळी घेतली तर आतड्यातून यकृतात पोहोचताच त्याचा बहुतांश भाग नष्ट होतो. त्यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे त्याला मेदाम्ल जोडून तेलात विरघळवायचे आणि स्नायूत टोचायचे. प्रोपिओनेट आणि पुढे एनान्थेट ही रूपे अशी बनली. दुसरा म्हणजे रेणूच्या १७ व्या कार्बनवर एक मिथाइल गट बसवायचा, म्हणजे यकृताला तो सहजासहजी मोडता येत नाही. पण या दुसऱ्या जातीच्या गोळ्या यकृतालाच इजा करतात, कावीळ घडवतात. १९५८ मध्ये अमेरिकेच्या बाजारात आलेले आणि खेळाडूंमध्ये झपाट्याने पसरलेले डायनाबॉल याच जातीचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते १९५२ साली, म्हणजे या गोळीच्या सहा वर्षे आधी. आपल्या तालमींची थोरवी या औषधांच्या आधीची आहे, हे नव्या मल्लांना आवर्जून सांगावेसे वाटते.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूला रक्तातली पातळी भरपूर दिसते. मग मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारी, वृषणांना चालना देणारी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके आटतात, वृषणांचे स्वतःचे उत्पादन थांबते, ते आकाराने लहान होतात आणि शुक्राणूही घटत जातात. हा परिणाम इतका खात्रीचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून त्याची चाचणी घेतली. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिले गेले आणि बहुसंख्य पुरुषांच्या वीर्यातील शुक्राणू पूर्ण नाहीसे झाले. जिममध्ये ‘सायकल’ म्हणून जे मात्राप्रमाण सांगितले जाते ते अनेकदा याहून जास्त असते. इंजेक्शने बंद केल्यावर बहुतेकांचे शुक्राणू काही महिन्यांत परततात, परंतु मधल्या काळात ना बाहेरचे संप्रेरक असते ना स्वतःचे, आणि त्या पोकळीत थकवा, निराशा व लैंगिक अनिच्छा येते. लग्नाच्या वयातल्या मुलांना ही गोष्ट औषध विकणाऱ्याने सांगायला हवी, आणि ती क्वचितच सांगितली जाते.

आता दुसरी बाजू. शिकागोचे चार्ल्स हगिन्स कुत्र्यांच्या प्रोस्टेटचा अभ्यास करत होते. वृषण काढल्यावर ही ग्रंथी आक्रसते हे जॉन हंटर यांनी अठराव्या शतकातच नोंदवले होते. हगिन्स यांनी क्लॅरेन्स हॉजेस यांच्यासोबत १९४१ मध्ये दाखवले की हाडांपर्यंत पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही वृषण काढल्याने किंवा इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक दिल्याने मागे हटतो, आणि रक्तातील अ‍ॅसिड फॉस्फेटेज या प्रोस्टेटमधून येणाऱ्या एन्झाइमच्या मोजमापातून तो हटलेला दिसतो. कर्करोग म्हणजे स्वैर वाढ, तिला शरीराचे कोणतेच नियम लागू नाहीत, असे मानण्याच्या काळात ही मोठी झेप होती. हगिन्स यांना १९६६ मध्ये नोबेल मिळाले. इस्ट्रोजेनचा मार्ग मात्र पुढे अरुंद झाला, कारण डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनच्या ५ मिलिग्रॅम मात्रेवरील रुग्ण हृदयविकाराने अधिक संख्येने दगावतात असे अमेरिकेतील मोठ्या चाचण्यांत आढळले. वृषण काढण्याची लहानशी शस्त्रक्रिया टिकून राहिली. एकदाच होणारी आणि कमी खर्चाची असल्याने आपल्याकडे अनेक कुटुंबे आजही तीच निवडतात.

शस्त्रक्रियेचाच परिणाम औषधाने साधण्याची वाट मेंदूकडून निघाली. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या गटांनी डुकरांच्या व मेंढ्यांच्या मेंदूंतून वृषणांच्या साखळीतला सर्वांत वरचा निरोप, म्हणजे जीएनआरएच, वेगळा केला. १९७७ च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. हा निरोप मेंदू ठरावीक अंतराने झटक्याझटक्याने पाठवतो. १९७८ मध्ये माकडांवर दिसून आले की तो अखंड दिला तर पीयूषिका ग्रंथी उलट गप्प होते. ल्युप्रोलाइड हे १९८५ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले इंजेक्शन याच विरोधाभासावर चालते. पहिल्या एक-दोन आठवड्यांत टेस्टोस्टेरॉन वाढते आणि मग ते कोसळते. मणक्यात गाठ असलेल्या रुग्णाला ती सुरुवातीची उसळी घातक ठरू शकते, म्हणून त्या काळात सोबत रिसेप्टर, म्हणजे पेशीतले ज्यावर अँड्रोजेन बसून काम करते ते प्रथिन, अडवणारी गोळी देतात. डेगारेलिक्सने २००८ मध्ये ही अडचण दूर केली, कारण ते पीयूषिकेला चेतवत नाही, सरळ अडवते.

रिसेप्टर अडवणाऱ्या गोळ्यांचा इतिहास योगायोगाने सुरू होतो. बर्लिनच्या शेरिंग कंपनीत १९६० च्या दशकात प्रोजेस्टेरॉनसारखे औषध म्हणून बनवलेले सायप्रोटेरॉन अ‍ॅसिटेट गाभण उंदीर माद्यांना दिले, तेव्हा नर पिल्लांची बाह्य जननेंद्रिये मादीसारखी घडली. फ्रीडमुंड नॉयमन यांनी त्यातून अँड्रोजेनरोधक औषध ओळखले. पीसीओएस या बीजांडकोश व संप्रेरकांच्या विकारात मुलींच्या चेहऱ्यावर येणाऱ्या केसांसाठी ते संयुक्त गोळीतून आजही वापरतात, तसे मूळचे रक्तदाबाचे स्पायरोनोलॅक्टोनही. गर्भ राहण्याची शक्यता असताना ही औषधे टाळण्यामागे त्या उंदरांचाच धडा आहे. पुढे स्टेरॉइडची चौकट नसलेली औषधे आली: दिवसातून तीनदा घ्यावे लागणारे फ्लुटामाइड, आणि १९९५ पासून दिवसातून एकदाच पुरणारे बायकॅलुटामाइड.

प्रोस्टेटमध्ये टेस्टोस्टेरॉनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन होते आणि तेच तिथे खरे काम करते, हे १९६८ मध्ये कळले. हा बदल घडवणारे एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातील कुटुंबांचे वर्णन १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहान राहते. त्याच एन्झाइमला रोखणारे फिनास्टेराइड १९९२ मध्ये प्रोस्टेटवाढीसाठी ५ मिलिग्रॅम, आणि १९९७ मध्ये टक्कल पडण्यावर १ मिलिग्रॅम मात्रेत मान्य झाले.

वृषण बंद केले तरी काही महिन्यांनी वा वर्षांनी कर्करोग पुन्हा उठतो, हे कोडे बरीच वर्षे राहिले. आजार आता संप्रेरकावर अवलंबून उरला नाही, असा अर्थ त्यातून काढला जाई. तो चुकीचा होता. पाटाचे दार लावूनही जुन्या झिरप्यांवर शेत ओले राहावे, तसे मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आणि खुद्द कर्कपेशी अँड्रोजेन बनवत राहतात. फ्लुटामाइड थांबवल्यावर काही रुग्णांचे पीएसए, म्हणजे रक्तात मोजले जाणारे प्रोस्टेटचे प्रथिन, उलट खाली येते हे १९९० च्या दशकात दिसले, आणि रिसेप्टरमध्ये झालेल्या बदलामुळे अडवणारे औषधच चेतवणारे ठरते, असा त्याचा उलगडा झाला. या दोन निरीक्षणांवर आजची औषधे उभी आहेत. लंडनमध्ये विकसित झालेले अबिराटेरॉन २०११ मध्ये मान्य झाले; ते सीवायपी-१७ हे एन्झाइम बंद करून सर्व ठिकाणचे उत्पादन तोडते. त्यात कॉर्टिसॉलही घटते आणि रक्तदाब वाढून पोटॅशियम उतरू शकते, म्हणून सोबत कॉर्टिसॉलची जागा भरणारे प्रेडनिसोलोन द्यावे लागते, आणि गोळी उपाशीपोटी घ्यावी लागते. २०१२ चे एन्झालुटामाइड मुद्दाम रिसेप्टर वाढवलेल्या पेशींवर पारखून निवडले गेले, त्यामुळे बायकॅलुटामाइड जिथे उलटते तिथेही ते टिकते.

काही रुग्णांत हीदेखील निष्प्रभ ठरतात. त्यांच्या कर्कपेशींत रिसेप्टरची एआर-व्ही७ नावाची तोकडी आवृत्ती सापडते. संप्रेरक जिथे बसते तो भागच तिला नसतो, आणि ती संप्रेरकाविना चालू राहते. अडवण्यासाठी तिथे जागाच नसल्याने नव्या संशोधनाचा एक रोख आता रिसेप्टरच्या दुसऱ्या टोकाकडे, तर एक रोख संपूर्ण रिसेप्टर पेशीकडूनच मोडून घेण्याकडे वळला आहे.